कॅसेट फुंकणाऱ्यांना चार शब्द

इलेक्ट्रॉनिक सिटीत, निलाद्री रोडच्या आसपासच्या सोसायट्यांमध्ये, निदान तीन घरांत मी जुन्या कंप्युटरांनी भरलेली काचेची कपाटं पाहिली आहेत. कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम, एखादी अमिगा, जपानहून मागवलेला फॅमिकॉम. आत मंद पिवळे दिवे, शेजारी मुद्दाम शोधून आणलेला फुगीर काचेचा टीव्ही. मालक माझ्याच वयाचे, चाळिशी ओलांडलेले, आणि त्यांतले बरेचसे माझ्याच भाषेचे: सांगलीचे, नाशिकचे, बेळगावचे, पुण्याचे तर असणारच. शनिवारी संध्याकाळी मंडळी जमतात, दर्शिनीतून मद्दूर वडे येतात, कुणीतरी कॅसेट काढून तिच्या तोंडाशी फू फू करतं (कार्ट्रिजला आपण कॅसेटच म्हणायचो), सगळे हसतात आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘काय दिवस होते राव!’

माझं भांडण या वाक्याशी आहे. कुणाचे दिवस होते?

कमोडोर ६४ आणि स्पेक्ट्रम, दोन्ही १९८२ चे. त्या वर्षी आपल्याकडे एशियाडच्या निमित्ताने दूरदर्शन नुकतंच रंगीत होत होतं आणि चाळीतल्या ज्याच्या घरी टीव्ही असेल त्याच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. पुढे, नव्वदच्या दशकाच्या मध्याला, सेगाने आपला मेगा ड्राइव्ह भारतात शॉ वॉलेसमार्फत आणला. हो, तीच दारूची कंपनी. जबर आयात शुल्कातून वाट काढण्यासाठी केलेल्या या व्यवस्थेनंतरही त्याची किंमत अठरा हजारांच्या घरात होती. माझ्या वडिलांचा तो जवळजवळ सहा महिन्यांचा पगार. काचेच्या कपाटांचे मालक काही संस्थानिकांची मुलं नव्हेत. त्यांच्यापैकी एकानेही लहानपणी कमोडोरला हात लावलेला नाही, हे मी त्यांना विचारून लिहितो आहे. तो कमोडोर चार वर्षांपूर्वी जर्मनीहून आला, वर कस्टमची ड्यूटी भरून. म्हणजे कपाटात आहे ती खरेदी, आणि तिच्याबरोबर आठवणही बाहेरून आली आहे: लीड्समधल्या किंवा ओहायोतल्या कुणा माणसाच्या बालपणाची, व्हिडिओ बघून बघून आपलीशी वाटायला लागलेली. हा धंदाही आता चांगला चालतो. २०१६ मध्ये निन्टेन्डोने छोटा एनईएस काढला, २०१८ मध्ये छोटा कमोडोर आला, २०२४ मध्ये नवा स्पेक्ट्रम. चाळिशीतल्या माणसाला त्याचं बालपण डब्यात घालून विकायचं, आणि त्याचं नसेल तर दुसऱ्याचं.

उसनी आठवण हा काही गुन्हा नाही. आपण डिकन्सचं लंडनही वाचतोच की. पण उसन्या आठवणीने घर भरलं की स्वतःची ठेवायला जागा उरत नाही, आणि इथे नेमकं तेच झालं आहे.

ज्या गावात हे चाललं आहे त्याचीच गोष्ट घ्या. आर. के. बालिगा हे कर्नाटक सरकारच्या केऑनिक्सचे पहिले अध्यक्ष. त्यांच्या कल्पनेतून १९७८ साली कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या दोन खेड्यांच्या ३३२ एकरांवर इलेक्ट्रॉनिक सिटी वसवली गेली. नाव नीट वाचा. ‘सॉफ्टवेअर सिटी’ नाही, ‘इलेक्ट्रॉनिक’. त्याच वर्षी आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला होता आणि आपल्याला लागणारी यंत्रं आपणच बनवू असं वारं होतं. विप्रो पुढच्या दशकात स्वतःच्या नावाचे कंप्युटर विकत होती, एचसीएल विकत होती. पुण्यात १९८१ साली निघालेली आणि १९८३ मध्ये बंगळुरूला आलेली इन्फोसिस १९९४ मध्ये इथे मुख्यालय घेऊन आली, तोवर वारं फिरलेलं होतं. आता यंत्रं बाहेरून येतात, इथे माणसं त्यांच्यासमोर बसतात. या मधल्या दीड दशकात इथे काय जुळवलं गेलं, कोणती सर्किटं आखली गेली, कोणते की-बोर्ड कुठल्या लिपीसाठी छापले गेले, याचं एकही कपाट मला निलाद्री रोडवर दिसलं नाही.

बरं, ‘आपल्याकडे घरगुती कंप्युटर नव्हतेच’ असं म्हणून सुटता येणार नाही. होते. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने १९८६ साली स्पेक्ट्रम प्लस परवाना घेऊन इथे काढला, ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने. १९९० पर्यंत तो विकला जात होता. त्याच्या आधी, १९८४ च्या सुमाराला, केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढून देशातल्या सुमारे अडीचशे शाळांमध्ये बीबीसी मायक्रो बसवले. पुढे हेच यंत्र मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने परवान्याखाली ‘युनिकॉर्न’ या नावाने जुळवलं. ३२ किलोबाइट मेमरी, टीव्हीसारखा पडदा, बेसिक आणि लोगो. या देशातल्या सरकारी शाळेतल्या मुलाने कंप्युटरला पहिल्यांदा हात लावला तो बहुधा असा. १९८९ च्या फेब्रुवारीत मोहालीच्या कारखान्याला आग लागली आणि तिथली चिप बनवण्याची सोय जळून गेली. ब्रिटिशांनी आपल्या बीबीसी मायक्रोची यंत्रं, पुस्तकं, टीव्ही कार्यक्रम, सगळं संग्रहालयांत नेऊन ठेवलं आहे, आणि आपले छंदिष्ट त्यांचे व्हिडिओ बघून हळवे होतात. मी तिघांनाही विचारलं, युनिकॉर्न कुठे मिळेल का. दोघांना वाटलं मी स्टार्टअपबद्दल बोलतो आहे.

आता आमच्या खऱ्या बालपणाकडे येतो, कारण त्याची या मंडळींना लाज वाटते.

आमच्या पिढीच्या मराठी घरांत आला तो ‘टीव्ही गेम’. सामुराई, मीडिया, लिटल मास्टर. निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या तैवान-चीनमधून आलेल्या नकला, वर भारतीय नावाचं लेबल. त्याच्याबरोबर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेली पिवळी कॅसेट, जिच्यात खरे गेम मोजून पाच-सहा आणि बाकी तेच वेगवेगळ्या नावांनी. मारिओ, काँट्रा, बदकं मारायची बंदूक. भावाने खेळायचं आणि बहिणीने ‘पुढच्या डावाला तू’ ऐकत बसायचं, हेही त्यातच आलं. मग शाळेच्या लॅबमधला काळ्या पडद्यावरचा ‘डेव्ह’, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, तासावर पैसे घेणारा सायबर कॅफे. आणि महाराष्ट्रात ज्या लाखो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा माउस धरला तो बहुतेक करून एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये. एमकेसीएल ही कंपनीच मुळी २००१ ची. तलाठ्यापासून शिक्षिकेपर्यंत सगळ्यांनी त्या परीक्षेचं सर्टिफिकेट फाइलला लावलं. खेडोपाडीच्या एका गाळ्यात सहा मॉनिटर, बाहेर चपला काढून आत जायचं, पंखा यंत्रांसाठी.

हे काचेच्या कपाटात का नाही? मी विचारलं तेव्हा एकाने मला समजावलं की ती ‘डुप्लिकेट’ यंत्रं होती, त्यांना ‘कलेक्टर व्हॅल्यू’ नाही. अस्सल हवं. म्हणून ज्या सामुराईवर आपण खरोखर खेळलो तो आईने भंगारवाल्याला दिला आणि ज्यावर आपण कधीच खेळलो नाही तो अस्सल फॅमिकॉम ओसाकाहून आणला. आपला इतिहास हा नकलेचाच इतिहास आहे. कोणत्या चिपची नक्कल कशी झाली, ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत, इथल्या एस. पी. रोडवर कशी पोहोचली, दुकानदार कॅसेटची अदलाबदल किती रुपयांत करायचा, बिघडलेला रिमोट कोण आणि कसा दुरुस्त करायचा, हे सगळं सांगू शकणारी माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. जपानी कार्ट्रिजवर कोणत्या वर्षी कोणत्या रंगाचा शिक्का होता हे आपल्याला पाठ आहे आणि हे माहीत नाही.

इथवरचं नुकसान कदाचित सोसण्यासारखं आहे. खेळ ते खेळ. पण जुन्या कंप्युटरांनी आपल्याकडे एक काम केलं जे इंग्लंड-अमेरिकेत करावंच लागलं नाही. त्यांनी आपली लिपी लिहिली. माझी खरी तक्रार इथे आहे.

मूळचा कंप्युटर आपली लिपी जाणत नव्हता. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये देवनागरी टर्मिनलवर काम झालं, त्यात मोहन तांबे होते. पुढे १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि तांब्यांच्या नेतृत्वाखाली तिथे ‘जिस्ट’ कार्ड घडलं. हे कार्ड पीसीत खोचलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी, कन्नड, तमिळ उमटायचं, आणि मूळ प्रोग्रॅमला पत्ताही लागायचा नाही की आपण इंग्रजी सोडून दुसरं काही दाखवतो आहोत. हे रेट्रो नव्हे तर काय आहे? मला तर कमोडोरच्या संगीताच्या चिपपेक्षा हे शंभर पटीने नवलाचं वाटतं. मग विंडोज आलं आणि त्याच्याबरोबर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, आणि आपल्या याच बंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती. गल्लोगल्ली डीटीपीची दुकानं निघाली. लग्नपत्रिका, शोधप्रबंध, दिवाळी अंक, पतपेढीचे अहवाल, कवितासंग्रह. १९९० ते २००५ या काळात छापलेलं मराठी बरंचसं या यंत्रांतून गेलं आहे.

आणि यातलं फार थोडं आज उघडतं. कारण या फॉन्टांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेला नसायचा. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी ‘क’चा आकार बसवलेला असायचा, आणि प्रत्येक कंपनीची बसवण्याची रीत वेगळी. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर डॉलर, कंस आणि टिंबं यांची पेरणी दिसते. वर अनेक पॅकेजांना कुलूप असायचं: डाँगल नावाचा ठोकळा, पीसीच्या मागच्या पॅरलल पोर्टला लावायचा. तो हरवला की पॅकेज चालत नाही. पॅरलल पोर्ट असलेला पीसीच आता मिळत नाही, आणि फ्लॉपी बनवणं सोनीनेही २०११ मध्ये थांबवलं.

माझी आत्या मिरजेत डीटीपी करायची. ती गेल्यावर कपाटात फ्लॉप्यांचे तीन डबे निघाले, प्रत्येकीवर बॉलपेनने नीट नाव लिहिलेलं. एका डब्यावर होतं ‘ओव्या’. तालुक्यातल्या एका शिक्षिकेने म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या, आत्याने त्या टाइप केल्या होत्या आणि मग पैशांअभावी पुस्तक निघालं नव्हतं. कागदाची प्रत पुरात गेली. फ्लॉप्यांपैकी ज्या वाचल्या गेल्या त्यांत पेजमेकरच्या फायली निघाल्या, आणि त्या उघडल्यावर डॉलर, कंस, टिंबं. पॅकेज ओळखीचं होतं, डाँगल नव्हतं. कन्व्हर्टर मिळतात, ते बरंचसं सरळ करतात, पण ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ करून ठेवतात, ‘वऱ्हाडा’चं ‘वर्हाड’. तो चंद्रकोरीसारखा ‘र’ मराठीला हवा असतो आणि प्रत्येक जुन्या फॉन्टाने त्याला आपापल्या कोपऱ्यात लपवलेलं आहे. ओवीत एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर सासूचं माहेर बदलतं. ज्या बायकांना विचारून दुरुस्त करता आलं असतं त्या आता नाहीत.

हे अटळ नव्हतं, याचा पुरावाही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याहून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाच्या वर आहेत, आणि आज त्या ‘पारी’च्या संग्रहात वाचता-ऐकता येतात. बर्नार बेल नावाच्या, संगीत आणि कंप्युटर दोन्ही जाणणाऱ्या माणसाने १९९० च्या दशकातच त्यांचा नीट डेटाबेस उभा केला होता, म्हणून. एका तांत्रिक माणसाने मनावर घेतलं, इतकाच फरक. मिरजेच्या शिक्षिकेला असा माणूस मिळाला नाही. असे मिरजकर किती असतील? कन्नडमध्येही हेच आहे. माझा कन्नड सहकारी ‘नुडी’च्या जुन्या फायलींबद्दल बोलायला लागला की माझंच बोलणं भाषांतरित होऊन ऐकू येतं. के. पी. राव यांनी ज्या कष्टाने कन्नड कीबोर्ड बसवला, त्यावर टाइप झालेलंही असंच अडकून पडलं आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या मंडळातही पेढे वाटले गेले. दर्जासाठी नाणेघाटाच्या शिलालेखाचे दाखले दिले गेले होते. दोन हजार वर्षांपूर्वीचा दगड वाचता येतो आणि १९९६ ची फ्लॉपी वाचता येत नाही, यावर त्या दिवशी कुणी बोललं नाही.

माझं हे म्हणणं कपाटवाल्यांसमोर मांडल्यावर जी उत्तरं मिळाली ती सांगतो. पहिलं: हा छंद आहे, छंदाला हिशेब विचारू नये. मान्य. पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याला मी टपाल खात्याचा इतिहास विचारणार नाही. पण हे लोक स्वतःला छंदिष्ट म्हणवून घेत नाहीत. दर वाक्यात ‘प्रिझर्व्हेशन’ हा शब्द येतो, ‘हेरिटेज’ येतो. जतनाचा दावा केला की काय जतन केलं हे विचारलं जाणारच. हजारो माणसांनी आधीच जपलेला, ज्याची प्रत्येक चिप उघडून तिचे फोटो काढून झालेले आहेत, असा कमोडोर आणखी एका कपाटात ठेवण्याने कशाचं जतन होतं?

दुसरं उत्तर: हे सरकारचं किंवा विद्यापीठांचं काम आहे. असेल. पण सरकारी खात्यातला कोणता माणूस फुगलेला कपॅसिटर ओळखून बदलेल? बुरशी धरलेल्या फ्लॉपीची चकती बाहेर काढून, पुसून, ग्रीझवीझलसारख्या सर्किटावर तिचा चुंबकीय माग उतरवून घेईल? रॉम वाचून त्यातला कोड उलगडेल? मी या मंडळींची चेष्टा करतो आहे असं वाटत असेल तर सांगतो, त्यांच्यातल्या एकाला मी मेलेल्या स्पेक्ट्रमवर सलग तीन रात्री बसलेला पाहिलं आहे. चौथ्या रात्री ते यंत्र सुरू झालं. हे कसब या देशात मोजक्या लोकांकडे आहे आणि त्यातले कितीतरी या इलेक्ट्रॉनिक सिटीत राहतात. म्हणूनच राग आहे. अडाण्यांवर कुणी रागावत नाही. १९९७ मध्ये मेम नावाचा एम्युलेटर निघाला तोही हौशी लोकांच्याच हातून, आणि आज जगातली हजारो आर्केड यंत्रं त्यातून समजून घेता येतात. डाँगलची नक्कल करणारा, जिस्ट कार्ड पडद्यावर पुन्हा उभं करणारा प्रोग्रॅम लिहिणं ही माणसं मनावर घेतील तर त्यांच्या आवाक्याबाहेरचं नाही.

कायद्याची भीतीही कुणीतरी घातली. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ वाचावं. कायदेशीर मालकाला नुकसानीपासून बचाव म्हणून प्रत काढायला आणि प्रोग्रॅम कसा चालतो हे अभ्यासायला त्यात वाट ठेवली आहे. अडचण खरी आहे ती वेगळ्याच नियमांत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत उत्पादक आहे, निर्माता आहे, दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणारा आहे, पुनर्चक्रण करणारा आहे. संग्रह करणाऱ्यासाठी वेगळी नोंदणी नाही. म्हणून होसूर रोडवरच्या कंपन्या जुनी यंत्रं काढतात तेव्हा ती नियमाप्रमाणे चुऱ्याला जातात. चुऱ्यात तांबं वेगळं होतं, सोनं वेगळं होतं. त्या यंत्रावर काय लिहिलेलं होतं ते कशातच राहत नाही.

तर मंडळी, एक कप्पा रिकामा करा. अमिगा खाली ठेवा, ती कुठे जात नाही. आपापल्या गावी जाल तेव्हा बंद पडलेल्या प्रेसच्या, डीटीपीच्या, एमएस-सीआयटीच्या मालकाला भेटा. दुकानामागच्या खोलीत डाँगल असतील, की-बोर्डवर चिकटवायचे देवनागरी स्टिकर असतील, पॅकेजांची जाड मराठी मॅन्युअल असतील, ‘फेकू नका’ असं कुणी सांगितलं नाही म्हणून अजून न फेकलेलं असेल, किंवा याच दिवाळीत फेकलं जाणार असेल. दिवाळीच्या साफसफाईआधी जा.

मला स्वतःला सध्या एक पेंटियम हवा आहे. मागे पॅरलल पोर्ट, पुढे चालू फ्लॉपी ड्राइव्ह, आत विंडोज ९८, आणि जमलं तर पेजमेकर ६.५. पैसे देईन. ओव्यांच्या डब्यात अजून एकवीस फ्लॉप्या वाचायच्या राहिल्या आहेत.